युनिक नाव

भावाचा फोन आला तेव्हा मी नुकतीच वर्गातून बाहेर पडत होते. "अक्का, पोरीचं नाव तूच ठेवायचंस. पण एकदम युनिक पाहिजे बरं का!"

घ्या! नाव ठेवायचा मान आत्याचा, तो मी कुणाला देणार नाही. पण हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. हिंगोलीत मी इंग्रजी शिकवते. कॉलेजच्या वाटेवर टेलर युनिक, मोबाइलचं दुकान युनिक, क्लासेससुद्धा युनिक. पोरं पेपरात बिनधास्त 'व्हेरी युनिक' लिहितात आणि मी त्याखाली लाल रेघ ओढत बसते.

भावानं मोबाइलवरच्या एका ॲपमधून नावं पाठवायचा सपाटा लावला. एकेक असं, की हाक मारता मारता जिभेला गाठ पडावी. त्याला सगळ्यात आवडलेलं नाव तर डोंगरकड्यात, म्हणजे माझ्या माहेरगावी, आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका पोरीचं होतं. तिच्या बापानंही तेच ॲप पाहिलं असणार. "बाबा, तू आता गप बस," मी म्हटलं, "मी बघते."

थट्टा करत होते, पण मनात धास्ती होती. वहिनीचं बाळंतपण फार अवघड गेलं होतं. नांदेडच्या दवाखान्यात ती कशीबशी वाचली, पण पिशवी काढावी लागली. दुसरं मूल होणार नव्हतं. हे आम्हा तिघांनाच ठाऊक. मायला एवढ्यात सांगू नका, असं भावानं बजावलं होतं. आणि माय आपली रोज वहिनीसमोर, पुढच्या खेपेला पोरगाच होईल बघ! वहिनी नुसती मान हलवायची. खरं कळलं की या घरात मला कोण विचारतंय, असं ती माझ्याजवळ रडत म्हणाली होती.

बारशाच्या सकाळी घुगऱ्यांचे हरभरे शिजत होते. वहिनी लेकराला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातच बसली होती. माय मला म्हणाली, "नाव असं ठेव, की मागून येणाऱ्या भावाच्या नावाला बराबर जोडून बसलं पाहिजे. आन हे तुमचं युनिक म्हंजी काय व्हय?"

कुणी अर्थ विचारला की मला राहवत नाही. मी सांगत सुटले. शब्द मूळ लॅटिनमधला, त्याच्या पोटात 'एक' हा आकडा. जो एकुलता एक, ज्याच्यासारखा दुसरा नाही, त्याला तो लावायचे. तिथून तो फ्रेंचमध्ये आला, फ्रेंचांकडून इंग्रजांनी उचलला. बराच काळ तो शिकल्यासवरल्यांच्याच तोंडी होता. मग ज्यानं त्यानं इतका वापरला, की झिजून 'जरा वेगळं' एवढाच अर्थ उरला. "एक म्हणजे एक, माय. फार एक, थोडं एक, असं असतं का कुठं?"

"आई," वहिनी मधेच म्हणाली, "जोडीचं नाव नका ठेवू. दवाखान्यात माझी पिशवी काढली. मला दुसरं लेकरू न्हाई होणार."

मायनं गॅस बंद केला. आता भडका उडतो, असंच मला वाटलं. पण ती वहिनीजवळ जाऊन बसली.

"मरता मरता वाचलीस, आन मला काहून न्हाई सांगितलं गं? मी पोरगा पोरगा करून राहिले, आन तू ऐकून राहिली! एकदा तरी माझं तोंड धरायचं!" आणि ती रडायला लागली. नातू नाही म्हणूनही रडली असेल, खोटं कशाला सांगू? पण वहिनीचा हात तिनं सोडला नाही.

दुपारी पाळण्यात वाकून मी पोरीच्या कानात नाव सांगितलं. छोटंसं, कुणालाही सहज हाक मारता येईल असं. बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप धपाटे घातले. भावाचं तोंड उतरलं. "अक्का, यात युनिक काय हाय?"

"पोरगी," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी तोंडभरून आशीर्वाद दिला, "आता पुढल्या साली हिला भाऊ येऊ द्या!" वहिनीनं मान खाली घातली. मी काही बोलणार, तोच माय घुगऱ्यांची परात घेऊन पुढं आली.

"भाऊ न्हाई येणार," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आमची ही एवढी एकच हाय. घ्या, घुगऱ्या घ्या."