काढून ठेवलेला भाता

शारजातल्या धनुष्यबाणांच्या दुकानात वसईचा जोकिम नऊ वर्षं सेल्समन आहे. गावाकडे आपण रानडुकरं मारलीत, ही त्याची ठरलेली थाप. ती ऐकली की गिऱ्हाईक गार! खरं तर त्यानं कधी कोंबडीही कापली नव्हती. ते काम बायकोचं, पॉलिनचं.

अबू राशिद हे वयस्क अरब आफ्रिकेत शिकारीला निघाले होते. त्यांनी विचारलं, नेम धरताना बाणांचा भाता धनुष्याला लावूनच ठेवू की काढू?

"काढा, हबीबी," जोकिम ऐटीत म्हणाला. "धनुष्य हलकं राहतं. मी तेच करायचो."

महिन्याभरानं ते दुकानात परत आले आणि शिकारीत काय झालं ते सांगितलं. पहिला बाण हरणाच्या पोटात लागला होता. दुसरा भात्यात, आणि भाता दहा पावलांवर झाडाला टांगलेला. तो आणेपर्यंत हरीण झाडीत शिरलं. संध्याकाळी सापडलं, तेव्हाही ते जिवंत होतं.

आता शिव्या बसणार, म्हणून जोकिम अंग चोरून उभा राहिला. पण अबू राशिदनी हलकेच विचारलं, "तुझ्या हातूनही असं झालं असेल ना कधी?"

खरं बोलायची हीच वेळ होती.

"हो, एकदा," जोकिम खाली बघत म्हणाला.

अबू राशिदनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याचीच समजूत काढली.