बदकांनी न ओळखलेली हाक

बग्यो जकार्तात सिनेमांना आवाज लावायचा. गाणी-बोलणी नव्हेत, वाऱ्याचे, ओसाड घरांचे, भुताच्या चाहुलीचे. त्यासाठी कॉम्प्युटरात प्लगइन नावाची हत्यारं असतात. एकाने आवाज ताणायचा, दुसऱ्याने जाड करायचा, तिसऱ्याने विहिरीत सोडल्यागत घुमवायचा. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पहिला मोठा भुताचा सिनेमा मिळाला तेव्हा तो क्लातेनजवळच्या आपल्या गावी आला आणि आई सुमिराहची हाक यंत्रात भरून घेऊन गेला. सुमिराह दिवस कलला की बांधावर उभी राहून "रीऽ रीऽ रीऽ" करायची, की खाचरातली बदकं रांगेनं घरी. ती हाक बग्योने अशी काही ताणली, घुमवली, की थिएटरात माणसं पाय वर घेऊन बसली. सुमिराह सिनेमा बघून आली नि म्हणाली, "मेल्या, जिवंतपणीच माझं भूत केलंस. आता मेल्यावर मी काय करू?"

पुढे दर ईदला तो घरी यायचा. यंत्र पिशवीत असायचंच. ती विचारायची, "हाक पुन्हा हवीय का रे?"

"आहे गं माझ्याकडे."

सुमिराह गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसाला बग्यो आला तर बाप, करसो, दारातच म्हणाला, "पोरा, बदकं घरी येईनात. मी ओरडतो, आपली वार्सिनी ओरडते. मान वर करून बघतात नि पाठ फिरवतात. रानमांजर रोज एखादं उचलतंय. तिची हाक आहे ना तुझ्याकडे? लाव की."

आहे, पण कशी? या धंद्यात मूळचा, कच्चा आवाज वेगळा जपून ठेवतात. बग्योने तेव्हा घाईत, घुमवलेली हाक तिच्याच जागेवर ठेवून दिली होती. कच्ची पुसली गेली. कालवणात मीठ पडल्यावर ते कोण उपसणार? तरी दिवसभर त्याने एकेक हत्यार उलटं चालवलं. ताणलेलं आखडलं, जाड होतं ते बारीक केलं. घुमणं काही सुटेना. पिंपात कोंडलेली बाई बोलावतेय, असंच वाटे.

उन्हं उतरल्यावर स्पीकर बांधावर ठेवला. बहीण वार्सिनी म्हणाली, "दादा, बेतानं. शेजारी पळतील."

शेजारी नाही पळाले. बदकं पळाली. फडफडत, एकमेकांना तुडवत, थेट पलीकडच्या पाटापर्यंत.

"बंद कर," करसो म्हणाला. "ती नाकात ओरडायची रे. हे नाक कुठाय यात?"

बग्यो चिखलात उतरला. आईची हाक तिसऱ्या "री"ला कुठे फाटते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने स्वतःच ओरडून पाहिलं. बदकं आणखी लांब सरकली.

मागून बाप म्हणाला, "राहू दे. परवा बाजार आहे. धरून पाटीत घाल त्यांना."

मग बग्यो वाकून एकेक बदक धरत राहिला. प्रत्येक बदक हातात आलं की अंग चोरायचं.