आठ हजार किलोमीटरची पेटी

पोस्टातून निवृत्त झाल्यावर घरात पाय ठरेना, म्हणून टपालबाईंनी मोठ्या इस्पितळात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. काम एकच. परदेशातल्या दात्याच्या रक्तातून काढलेल्या मूळ पेशी विमानाने आणून इथल्या रुग्णापर्यंत पोचवायच्या. बत्तीस वर्षं दारोदार पत्रं वाटलेल्या बाईच्या हे लवकरच अंगवळणी पडलं. कुरकुर होती ती फक्त जाऊबाईंची. या वयात नसती उठाठेव कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्या खेपेचं शहर आठ हजार दोनशे किलोमीटरवर होतं. जाताना विमानाला दहा तास लागले. परतीला साडेअकरा लागणार होते, कारण येताना वारा समोरून असतो. अंतर तेच आणि वेळ निराळा, हे जाऊबाईंना काही केल्या पटत नसे. वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारून बघा, असं टपालबाई त्यांना सांगत.

परतताना निळी पेटी त्यांनी पायांमध्ये घट्ट धरली होती. दर तासाला त्या झाकणावरचं तापमान बघून वहीत टिपत. डोळा लागू नये म्हणून जेवणही अर्धवटच घेतलं. इकडे रुग्णाची स्वतःची, हाडांतली रक्त बनवणारी मज्जा औषधांनी संपवलेली होती; तिच्या जागी याच पेशी रुजायच्या होत्या. आता मागे फिरायला वाट नव्हती, आणि डॉक्टरांनी संध्याकाळी सहापर्यंतची वेळ दिली होती.

सकाळी शहर जवळ आलं आणि खाली धुकं. विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि ते तीनशे दहा किलोमीटर अलीकडच्या शहरात उतरलं. टपालबाईंनी हवाई सुंदरीला पेटीचे कागद दाखवले, तशी ती वैमानिकालाच घेऊन आली.

"धुकं कधी हटेल?" त्यांनी विचारलं.

"दोन तासांत हटेल, नाहीतर सहा लागतील. खोटं कशाला सांगू?"

त्यांनी इस्पितळातल्या समन्वयक बाईंना फोन लावला. थांबायचं की गाडीने निघायचं, हे तुम्हीच ठरवा, तिथे तुम्ही आहात, असं त्या म्हणाल्या. टपालबाईंनी घड्याळ बघितलं. रस्त्याचा हिशेब मांडता येत होता, धुक्याचा नाही. त्यांनी गाडी मागवली.

पेटी मांडीवर घेऊन त्या निघाल्या. वाटेत एका पुलाचं काम चालू होतं, तिथे तासभर खोळंबा झाला. तेवढ्यात समन्वयक बाईंचा फोन आला. धुकं हटलं होतं आणि विमान शहरात पोचलंसुद्धा. टपालबाईंचा चेहरा पडला.

पाच वाजून वीस मिनिटांनी परिचारिकेने पेटी ताब्यात घेतली, तापमान तपासलं आणि सही केली. थांबले असते तर तीन तास आधी आले असते, असं टपालबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

"सहाच्या आत आलात ना? मग झालं," परिचारिका म्हणाली आणि पेटी घेऊन आत गेली.

घरी आल्यावर टपालबाई चौदा तास झोपल्या. तीन महिन्यांनी इस्पितळाचं दोन ओळींचं पत्र आलं. पेशी रुजल्या होत्या आणि रुग्णाला घरी सोडलं होतं. रुग्ण बाई की पुरुष, लहान की मोठा, हे नियमाप्रमाणे लिहिलेलं नव्हतं. जाऊबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.