नामा घर बघायला बसला

आमच्या घणसोलीत घर बांधणारे गवंडी पुष्कळ झाले, पण घराकडे नुसता बघत बसणारा गवंडी एकच झाला. नामा. एवढं वाचूनच गावातली जुनी माणसं हसायला लागली असतील. हसू द्या. मीही हसतच लिहितो आहे.

कुणी कामाला बोलावलं, की पहिल्या दिवशी नामा थापी आणायचा नाही की ओळंबा आणायचा नाही. आणायचा एक हातभर काठी, आणि तिच्या टोकाला बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी. सूर्य उगवताना हजर व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत घरात बसून राहायचा. सकाळी ओटीवर, मग माजघरात, दुपारी चुलीपाशी. चिंधी कुठे हलते, कुठे मेल्यासारखी लोंबते, ऊन कुठून आत येतं, कुठे अडतं, एवढंच बघायचा. मध्ये चहा. मग जेवण. मग परत चहा. घरातल्या बायका वैतागून जायच्या.

हे खूळ आलं मिठागरातून. त्याचा बाप मिठागरावर, आजा मिठागरावर. माझ्याही घरी तेच. मी सातवीपर्यंत शिकलो म्हणून पुढे कंपनीत हजेऱ्या लिहायला लागलो. नामाने दुसरीतच पाटी फोडली. मास्तरांच्या डोक्यात फोडली अशी अफवा होती, पण खुद्द नामा सांगायचा, "डोक्यात नाय रं, पायावर." तर मिठागरात मीठ काही माणूस पिकवत नाही. ऊन आणि वारा पिकवतात, माणूस त्यांना फक्त वाट करून देतो. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, आमच्या बाजूची आगरं बंद पडली, आणि नामा वाशीला इमारतींच्या कामावर पाट्या उचलायला गेला. पाच वर्षांत चांगला गवंडी झाला. एकदा तिथल्या साहेबाला म्हणाला, "साहेब, ही खिडकी भिंतीकडं तोंड करून बसलीय, रुसल्यासारखी." साहेब म्हणाले, "नकाशात तशीच आहे." नामा म्हणाला, "मंग वाऱ्याला पन नकाशा दाखवा." दुसऱ्या दिवसापासून तो गावातलीच कामं करू लागला.

आता चांगुणाबाईच्या घराची गोष्ट सांगतो. ती सांगितली की नामा सगळा कळतो.

साल चौऱ्याऐंशी. चांगुणाबाई माझ्या घरासमोरची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती लेक काशी करावे गावात दिलेली. काशीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते, दिवाळीच्या पुढेमागे बाळंतपण होतं, आणि तिच्या सासरी बाईमाणूस कुणी नव्हतं. लेकीजवळ जाऊन राहायचं चांगुणाबाईच्या मनात आधीपासूनच होतं, आता घाई झाली होती. पण जावयाच्या घरात सासू किती दिवस राहणार? आमच्यात ते बरं दिसत नाही. करावेत काशीच्याच आळीत दोन खोल्या विकाऊ होत्या. घणसोलीचं घर विकलं गेलं तर त्या घेता येत होत्या. एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि दोन वर्षं झाली तरी घर काही विकलं जात नव्हतं.

गिऱ्हाईकं यायची. कंपन्यांत लागलेले लोक तेव्हा घर शोधत गावात फिरायचेच. पण चांगुणाबाईचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढच्या खोलीवर नवऱ्याने मोठ्या हौसेने कौलं काढून सिमेंटचे पत्रे घातले होते. उन्हाळ्यात त्या खोलीत पापड वाळवायला बाहेर जायची गरज नव्हती. मागे स्वयंपाकघर, त्यात भरदुपारी दिवा लागायचा, आणि चुलीचा धूर दिव्याभोवती फिरत राहायचा. गिऱ्हाईक आत आलं की चांगुणाबाई आदराने पंखा लावायची. पंखा पत्र्याखालची सगळी गरम हवा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ओतायचा. गिऱ्हाईक रुमालाने मान पुसत बाहेर जायचं ते जायचं.

तिचा दीर गोटीराम शेजारीच राहायचा. तो म्हणायचा, "वैनी, ह्या बिळात कोन येनार हाय? मीच घेतो, घरातल्या घरात." भाव सांगायचा कोंबड्यांच्या खुराड्याचा. त्यात करावेचं नुसतं दार आलं असतं.

मीच चांगुणाबाईला म्हटलं, नामाला बोलाव. नामा आला, काठी घेऊन बसला. दुपारचा तिसरा चहा देताना चांगुणाबाईचा पारा चढला.

"काय रं नाम्या, घर सुधरवायला आलास का सोयरीक जमवायला?"

"घराशी वलख तं होऊं दे, बाय."

"वलख झाली का सांग. लगीन लावून देते तुझं भिंतीशी."

संध्याकाळी नामा उठला आणि म्हणाला, "बाय, तुझ्या घरात वारा येतो गो. बिचाऱ्याला जायला वाटच नाय. पाव्हना आत घेतलास आनि मागचं दार लावून टाकलंस."

मग त्याने जे केलं ते बघून आम्हाला वाटलं, एवढंच? माजघराच्या आणि मागच्या भिंतीत, अगदी वर आढ्याजवळ, दोन-दोन झरोके फोडले. मागच्या खोलीवर जुनी कौलं होती, त्यातली पाच काढून ठाण्याहून आणलेली काचेची कौलं बसवली. चूल हातभर उचलून बांधली, मागे धुराड्याची नळी काढली. सरपण जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि चांगुणाबाईचा खोकला गेला. पुढच्या पत्र्यावर वरून चुन्याचे तीन हात दिले, खाली बुरुडाकडच्या बांबूच्या तट्ट्या बांधून छत केलं. झालं. मोठं सामान नाही, मोठा खर्च नाही. वैशाखात मी तिच्या पुढच्या खोलीत बसलो तर पंखा बंद होता. मी म्हटलं, "बाई, पंखा?" ती म्हणाली, "इसरले बघा लावायला." विजेचं बिल आलं तेव्हा वाटणाऱ्याला तिने परत बोलावलं, की बाबा, हे दुसऱ्या कुणाचं तर नाही ना?

आता चूक सांगायला हवी. मागच्या भिंतीचा जुना गिलावा पडला होता. तेव्हा सिमेंट मिळायचं परमिटावर, नाहीतर दुप्पट भावात. वाळू विकतची. नामा म्हणाला, "कशाला पायजे? माझ्या बापाच्या आगराच्या बांधावर लोन्यासारखी माती पडलीय." ती माती आणली, चुन्यात कालवली, भिंत अशी गुळगुळीत केली की हात घसरावा. दोन पाट्या माती मीही वाहिली, तेव्हा चुकीत माझाही वाटा आहे. एकालाही सुचलं नाही. आम्हा आगरातल्या माणसांना खारट कधी खारट लागलंच नाही.

ज्येष्ठात गिऱ्हाईक आलं. शिवराम नावाचा फिटर, बीडकडचा, आणि त्याची आई यशोदाबाई. शिवरामला घर एका फेरीत पसंत पडलं. "गार आहे की एकदम! लाइट पण लावायला नको. आई, देऊन टाकू विसाराचे पैसे?"

यशोदाबाईने झरोके बघितले, चूल बघितली, काचेच्या कौलांकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लेकरा, उन्हाळ्यात समदीच घरं चांगली दिसत्यात. म्या श्रावणात येऊन बघीन, मंग बोलू."

चांगुणाबाईला काळजी वाटली नाही. घर पक्कं झाल्यासारखं तिने करावेला निरोपही धाडला.

आषाढ लागला, आणि ती भिंत घामेजली. आधी ओलसर डाग, मग पाण्याचे ओघळ, मग पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ. लोण्यासारखा गिलावा पापुद्र्यांनी सुटायला लागला. गोटीराम रोज येऊन बघायचा. "वैनी, भिंतीला घाम फुटला गो. जेवनात मीठ कमी पडलं तं चाटून घे." जाताना खुराड्याचा भाव पुन्हा सांगायचा, त्यातही थोडा कमी करून.

नामा आला. बोट भिंतीवर फिरवलं, जिभेला लावलं आणि दारात जाऊन थुंकला. मला म्हणाला, "दादूस, बापाचीच माती रं माझ्या उरावर बसली." त्या दिवशी तो चहा प्यायला नाही. नामा चहा प्यायला नाही, हे लिहिताना आजही मला चुकल्यासारखं वाटतं.

यशोदाबाई यायला नऊ दिवस होते. चांगुणाबाई म्हणाली, "नाम्या, वरून चुना मार. दोन दिस निभला तरी पुरे. त्या येतील, बघतील, विसार देतील."

"आनि मंग?"

"मंग त्यांचं ते बघतील."

"बाय, ती म्हातारी तुझ्याच वयाची हाय."

चांगुणाबाईने हातातला तांब्या आदळला. "माझी काशी तिकडं एकटी हाय. नऊ वर्सांनी दिवस गेलेत तिला. तू माती आनलीस, तूच निस्तर!"

"निस्तरतो," नामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठोकाठोकी ऐकून गेलो, तर नामा भिंतीचा सगळा गिलावा ठोकून पाडत होता. खाली काळा दगड उघडा पडत चाललेला. चांगुणाबाई दारात डोक्याला हात लावून बसलेली. तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नामा मान खाली घालून दगडांमधल्या सांधी उकरत राहिला. मग गोड्या पाण्याने भिंत धुतली, परत धुतली, आठवडाभर झरोक्यातल्या वाऱ्याने सुकू दिली. सिमेंटची एक गोणी त्याने स्वतःच्या पैशाने आणली. ती सांधी भरण्यापुरतीच झाली, गिलाव्याला उरलं नाही.

श्रावणातल्या त्या दिवशी आभाळ इतकं भरून आलं होतं की भर अकराला कोंबड्या खुराड्यात शिरल्या. शिवराम आणि यशोदाबाई छत्री झटकत आत आले. मी, गोटीराम, नामा, सगळे हजर. यशोदाबाई सरळ मागच्या खोलीत गेली आणि उघड्या भिंतीपुढे उभी राहिली.

"ह्ये काय? आमी आलो तवा गिलावा व्हता की."

गोटीराम खाकरला. चांगुणाबाईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

नामा पुढे झाला. "व्हता, आये. खाऱ्या मातीचा व्हता. चूक माझी, ह्या बायची नाय. पावसात रडायला लागला म्हनून काढून टाकला. आता दगड कोरडा हाय, हात लावून बघा. गिलावा पुढल्या उन्हाळ्यात करून देईन, पैसा नाय घेनार."

यशोदाबाईने हात लावला. वर, खाली, कोपऱ्यात. मग बोट जिभेला लावलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत सगळे तिच्या जिभेकडे बघत होते.

ती तिथेच खाली बसली. "बाई," चांगुणाबाईला म्हणाली, "सुपात वाईच तांदूळ द्या."

"तांदूळ?"

"द्या तर."

सूप आलं. म्हातारीने ते काचेच्या कौलांखाली मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडायला लागली. शिवराम चुळबुळत म्हणाला, "आई, लाइट लावू का?"

"हात लावू नगं बटनाला."

एक खडा निघाला. मग दुसरा. मग एवढासा काळा, मोहरीएवढा. तो तिने चिमटीत धरून वर केला, म्हणाली, "आता जिथं ऱ्हातो तिथं भर उन्हाचा दिवा लावून बी ह्यो मला दिसत न्हाई. लेक म्हनतो, आई, खडे येतात भातात, तू निवडू नगंस. दोन वर्सं झाली, माझ्या हातातलं सूप काढून घेतलंय त्यानं." मग लेकाकडे वळून म्हणाली, "विसार दे."

"आणि भिंत?" शिवरामने विचारलं.

"भिंत ऱ्हाऊ दे तशीच. आमच्याकडं दगडाच्याच असत्यात. झाकलेल्या भिंतीपक्षी उघडी बरी, काय हाय ते दिसतं तरी."

चांगुणाबाई तोंडाला पदर लावून चुलीकडे वळली. बऱ्याच वेळाने परत वळली ती चहा घेऊन, आणि पहिला कप नामाला दिला.

भाव तिने मागितलेलाच मिळाला. ती भिंत पुढे कधीच गिलावली गेली नाही. दोन उन्हाळ्यांत गावातल्या चार-पाच जणांनी नामाला बोलावून मागच्या भिंतीचा चांगला गिलावा काढून घेतला, यशोदाबाईच्या घरासारखी भिंत पायजे म्हणून. नामा त्यांना खरं कारण सांगायचा, पण कुणी ऐकून घ्यायचं नाही. त्यात गोटीरामही होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

आश्विनात चांगुणाबाई करावेला गेली. तिचं सामान पोचवायला नामा आणि मी गेलो होतो. काशी पोट सांभाळत दोन घरं पलीकडून आली आणि आईच्या नव्या उंबऱ्यावर बसली. आम्ही भांडी उतरवली, पाटावरवंटा उतरवला, मागे वळून बघतो तर नामा नाही. तो आतल्या खोलीत बसला होता. हातात काठी, काठीला चिंधी.

"आता काय रं मेल्या?" चांगुणाबाई ओरडली. "पेटी कोन उचलनार?"

"बस गो जरा," नामा म्हणाला. "बघूं दे. बाळाचा पालना कुठं बांधायचा ते."

चांगुणाबाई पेटीवरच बसली. मग चौघंही आम्ही चिंधीकडे बघत राहिलो, कुठे हलते ते.