धुण्याची खोली आणि नवमीचा बोकड

आमच्या गॅरेजची लांबी अठरा फूट, रुंदी दहा. आत थोरल्या भावाची जीप उभी असायची, ती अकरा फूट. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कळंब्याच्या बाजूला घर बांधलं तेव्हा गॅरेजच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात जमिनीलगत चार इंची पाइपाचं तोंड ठेवलं आणि सगळी फरशी त्या तोंडाकडे उतरती केली. फुटाला पाव इंच उतार. मी ओव्हरसिअर होतो, उतार बघणं हे माझं रोजचं काम. एवढा चोख उतार मला नोकरीत क्वचितच बघायला मिळाला.

बाहेरच्या माणसाला वाटायचं, जीप धुतल्यावर पाणी जायला ही सोय केलीय. ती त्यासाठी नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे जीपपुढं बोकड कापतात. रक्ताचं बोट चारी चाकांना आणि पाने-पकडींना लावायचं, आणि उरलेलं त्या तोंडातून वाहून जायचं. त्या दिवशी हत्यारं आणि गाडी यांना विश्रांती. जीप जागची हलवायची नाही. मान एका घावात वेगळी झाली पाहिजे, नाहीतर वर्ष वाईट जातं, असं आबा म्हणायचे. आबांनंतर घाव घालायचा मान दादाचा, म्हणजे थोरल्याचा. तो जीप भाड्यानं फिरवायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. घरामागं विहिरीजवळ धुण्याचा काळा दगड होता, तीन फूट बाय दोन. पावसाळ्यात त्याच्या कडेला शेवाळ धरायचं. एका श्रावणात माझी बायको तिथं घसरली आणि उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी आणि स्क्रू घालून हात जोडला आणि मला बजावलं, "या हातानं पिळायचं नाही, जड उचलायचं नाही. पट्टी हलली तर हात कायमचा वाकडा होईल."

पण धुणं पाच माणसांचं होतं: आम्ही दोघं, दोन मुली आणि दादा. दादाची बायको लवकर गेली आणि त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. त्याचं जेवण आणि धुणं आमच्याकडेच. धुण्याला बाई लावून पाहिली, ती दादाच्या शिव्या ऐकून पळाली. एका सकाळी मी मागच्या दारात आलो तर बायको दादाच्या विजारीचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं डाव्या हातानं पिरगळत होती. उजवा हात छातीशी धरलेला, दात आवळलेले. मला बघून म्हणाली, "जावा तिकडं. बघत काय उभारलाय?"

मी मशीन घ्यायचं ठरवलं. दोन भांड्यांचं, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं. आमचं न्हाणीघर चार फूट बाय साडेतीन, त्यात ते मावत नव्हतं. त्याचं घाण पाणी तळाच्या नळीतून आपसूक खाली उतरतं, म्हणजे पाण्याचं तोंड जमिनीलगत हवं. सगळं घर मोजून झालं. अशी जागा एकच होती: गॅरेजचा तो कोपरा. तिथं आतून पाच फूट बाय चारची खोली घ्यायची, साडेचार इंची विटांची भिंत, एक दार, एक नळ, आणि पावसाळ्यात कापडं वाळत घालायला वर आडवा पाइप. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू." मी ते होकार समजलो.

दादा राधानगरीकडं भाडं घेऊन गेला होता, तेव्हा मी गवंडी बोलावला. संध्याकाळी जीप दारात आली तोवर भिंत छातीएवढी झाली होती आणि दाराची चौकट उभी होती.

दादानं जीप आत घेतली नाही. उतरला आणि विचारलं, "हे काय?"

"खोली. मशीन बसवायचंय, कापडं धुवायचं."

"हितंच?"

"पाण्याचं तोंड हितंच हाय की. दुसरीकडं सगळी फरशी फोडावी लागंल."

"कुणाची कापडं?"

"घरातली. सगळ्यांची."

"बायकांची बी?"

मी म्हटलं, "सगळ्यांची म्हणजे सगळ्यांचीच."

"नवमीचं रक्त जातंय त्या तोंडातनं. आबानं पाडलंय ते. आन् तू तिथं परकरं धुणार व्हय रं?" हे बोलता बोलता त्यानं जीपमधून टॉमी काढली, चाकाचे नट सोडायची लोखंडी दांडी.

गवंडी थापी खाली ठेवून म्हणाला, "मालक, भिंत ओली हाय. भांडाण वाळल्यावर करा की." कुणी हसलं नाही. मग म्हणाला, "मी च्या पिऊन येतो," आणि गेला.

पहिल्या फटक्यात वरचे दोन थर आत पडले. दुसऱ्यात चौकट हलली. मी मागून दादाची कॉलर धरली. त्यानं वळून मला उचललं आणि भिंतीवर घातलं. तालमीत तो माझ्यापेक्षा जास्त वर्षं घुमला होता. बरगडीतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला आणि माझा श्वास अडकला. तो टॉमी घेऊन अंगावर आला तेव्हा माझ्या हाताशी गवंड्याचा ओळंबा लागला. सुताच्या टोकाला पितळेचं वजन, पाव किलोच्या वर भरेल. मी सूत धरून तो फिरवला आणि सोडला नाही. तो दादाच्या डाव्या भुवईवर बसला.

भुवई हाडापर्यंत उघडली. दादा मटकन खाली बसला. रक्त नाकावरून, हनुवटीवरून फरशीवर पडलं आणि कोपऱ्याकडे निघालं. पडलेल्या विटांना वळसा घालून ते त्या तोंडापर्यंत गेलं. आम्ही दोघं धापा टाकत ते बघत होतो. मध्ये कुठं थांबलं नाही.

बायको जुन्या लुगड्याचा धडपा घेऊन आली. आमच्याकडे थोरला दीर आणि भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत. ती डोक्यावर पदर घेऊन, तोंड वळवून उभी राहायची आणि दादा मला म्हणायचा, "हिला सांग." लग्न झाल्यापासून असंच. तिनं धडपा माझ्या हातात दिला, मी तो दादाच्या कपाळावर दाबला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारल्यावर दादा म्हणाला, "जीपच्या दारावर आपटलो." मी म्हणालो, "पाय घसरला." आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "बांध तुझी खोली. पण दाराखाली फट ठेव, बोकड हितंच पडंल. आन् माझी कापडं त्या डबड्यात बायकांच्या कापडांबरोबर पडली, तर डबडं हिरीत टाकीन. तुला बी त्याच्या मागनं."

खोली झाली. दाराखाली दीड इंच फट ठेवली. मशीन आलं. पहिल्या दिवशी पिळायचं भांडं थांबलं आणि बायकोनं मुलीचा शाळेचा शर्ट बाहेर काढला. तो नुसता ओलसर होता. तिनं तो गालाला लावून पाहिला.

पण दादा त्याची कापडं रोज दगडावर आणून टाकायचा. ती तिथं बसून डाव्या हातानं धुवायची, आणि पायाखाली धरून पिळायची. संध्याकाळी मनगट सुजायचं. एकदा मी ती कापडं घेऊन दगडावर बसलो. दादानं मागून लाथ घातली, मी तोंडावर पडलो, ओठ फुटला. "बायल्या," म्हणाला, "आबाचा पोर दगडावर बसून धुणं धुतोय. बघा रं!" शेजारच्या गच्चीवरची माणसं खरंच बघत होती. तेव्हा मी बायकोला म्हणालो, त्याची कापडं सडू देत. ती म्हणाली, "आन् मग तुम्ही दोघं एकमेकाला मारा. कुणीतरी एकजण मरूस्तर."

नवमी आली. गॅरेज अठरा फूट; जीप अकरा, खोली भिंतीसकट साडेचार. जीप आणि खोलीच्या मध्ये उरले अडीच. मी दादाला म्हटलं, "अडीच फुटात कोयता उचलायला जागा न्हाय. जीप जरा मागं घे."

"नवमीला गाडी हलवायची न्हाय."

"मग अंगणात कर."

"आबानं अंगणात केलं का कधी? दोरी धर गप."

मुलींना घरात कोंडलं. मी बोकडाची दोरी धरली, दादानं त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. त्यानं कोयता मागं उचलला आणि त्याचं टोक खोलीच्या चौकटीला लागलं. घाव मानेवर पडायचा तो खांद्यावर पडला.

बोकड ओरडला तो आवाज माणसाचा होता. त्यानं झटका दिला, दोरी माझ्या तळव्याचं कातडं घेऊन निसटली, आणि तो समोरच्या दारावर धडकून खोलीत शिरला. आत पाइपावर मुलींचे पांढरे शर्ट वाळत होते. दादा त्याच्या मागं आत गेला. पाच फूट बाय चारच्या खोलीत एक माणूस, एक बोकड आणि एक मशीन. रक्त मशीनवर उडत होतं, शर्टांवर, छताला. दादा शिव्या देत घाव घालत होता. किती घाव घातले ते मी मोजले नाहीत. मला मोजायची सवय आहे, पण मोजले नाहीत.

ओरडणं थांबलं. दादा बाहेर आला, कोपरापर्यंत लाल. अंगातला शर्ट ओढून काढला आणि मागच्या दारातून दगडावर फेकला. ती तिथंच उभी होती. "हिला सांग," म्हणाला, "गार पाण्यात घाल म्हणावं. दगडावरच धुवायचा." मग माझ्याकडे वळला. "तुझ्या चौकटीनं घाव मोडला. आबाच्या जागेत बोकड हाल होऊन मेला. तुझ्यामुळं." त्यानं मला जीपच्या बॉनेटवर दाबलं आणि कोयता गळ्याला लावला. पातं अजून गरम होतं. तो हात थांबेल की पुढं येईल हे त्यालाही ठाऊक नसावं.

तेवढ्यात मागून आवाज आला. दगडावर लोखंड आपटल्याचा. मग पुन्हा.

आम्ही दोघांनी माना वळवल्या. गवंड्याचा घण आमच्याकडेच राहिला होता. बायकोनं पदर कमरेला खोचला होता आणि घण दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता. दोन्ही हातांनी. मी ओरडलो, "हात! अगं, हात!" ती थांबली नाही. दगडाचा एक कोपरा उडाला, मग मधोमध चीर गेली. शेवटच्या घावाला तिच्या तोंडून बोकडासारखाच आवाज निघाला, घण खाली पडला आणि दगडाची दोन भकलं झाली.

डाव्या हातात दादाचा शर्ट घेऊन ती गॅरेजात आली. उजवा हात लोंबत होता. डोक्यावर पदर नव्हता. दादासमोर उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे बघत.

"दादा, दगड गेला. आता सांगा, कुठं धुऊ?"

दादा माझ्या गळ्यावरचा कोयता न काढता मला म्हणाला, "हिला सांग..."

"त्यास्नी नगा सांगू. मला सांगा."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. ते बाहेरच्या बाजूला वळलं होतं. कोयता माझ्या गळ्यावरून निघाला.

"हात दाव," तो म्हणाला. तिला म्हणाला.

तिनं दाखवला. दादानं कोयता बॉनेटवर ठेवला, पुसलाही नाही. मला बाजूला ढकललं, जीपचं दार उघडलं आणि तिला म्हणाला, "बस."

मी म्हटलं, "दादा, नवमी हाय."

"बस म्हटलं की तिला. तू बी बस."

चाकांना अजून रक्त लावायचं राहिलं होतं. ती तशीच फिरली. बोकड खोलीत पडलेला राहिला. दवाखान्यात डॉक्टर तेच होते. त्यांनी आधी रक्तानं भिजलेल्या दादाच्या बनियनकडे पाहिलं, मग माझ्या तळव्यांकडे, आणि शेवटी तिचा हात हातात घेतला.

"कसं झालं?"

मी तोंड उघडलं, पण दादा आधी बोलला. "धुण्याचा दगड फोडला तिनं."

"का?"

"नको हुता तो."

पट्टी हलली होती. ती काढून दुसरी घालावी लागली आणि हात थोडा वाकडाच राहिला. तो आजही पूर्ण वळत नाही. दसऱ्याच्या सकाळी दादानं बादली घेऊन खोली धुतली, छत सुद्धा. मग मुलींचे शर्ट, त्याचा शर्ट आणि विजार, सगळं एकत्र मशीनमध्ये टाकलं. चावी कुठल्या बाजूला फिरवायची हे त्यानं तिला विचारलं. मी शेजारीच उभा होतो.