ताईच्या नावाचं पाकीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती मला सज्जन समजते, समजू दे.

डिचोलीच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, हे फळ्यावर लिहिताना केवढा रुबाब असायचा माझा! आमची आई पोटाच्या कॅन्सरनं गेली. म्हणून त्याच डीएनएवरच्या एका संशोधनासाठी माझं आणि पेडण्याला दिलेल्या थोरल्या बहिणीचं रक्त घेतलं. पत्ता दोघांचाही माझाच. ताईला इंग्रजी कुठे वाचता यायचं?

दोन पाकिटं आली. रक्तातल्या त्या डीएनएचं प्रमाण माझं ठीक होतं, ताईचं नव्हतं. हे निदान नव्हे, पण धोका जास्त असू शकतो, एंडोस्कोपी करून घ्यावी — स्वच्छ लिहिलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोयही मला नाही.

तेव्हा माझ्या मुलीची सोयरीक जुळत होती. माझी आई कशानं गेली, असं मुलाकडच्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, म्हातारपणानं. आता ताईच्या तपासण्या, हॉस्पिटलच्या फेऱ्या, चार लोकांच्या चौकशा... तिचं पाकीट मी जुन्या उत्तरपत्रिकांखाली दडपलं.

ताईनं फोनवर विचारलं, "रगताचा काय झाला रे?"

"कायच नाय. सगळा बरा आसा."

"तू शिकलेलो. तू सांगतस तां खरां."

आणि मी काय केलं? माझं प्रमाण ठीक असूनही गुपचूप बेळगावला जाऊन स्वतःची एंडोस्कोपी करून आलो.

लग्नात ताई पंगतीत नुसता भात चिवडत होती. पोटात जळजळतं म्हणाली. मी ॲसिडिटीची गोळी दिली आणि विहीणबाईंच्या ताटाकडे वळलो.

सात महिन्यांनी निदान झालं, तेव्हा सगळीकडे पसरलं होतं. आधी तपासलं असतं तर वाचली असती? ठाम कुणीच सांगत नाही. या प्रश्नाआड मी पुष्कळ दिवस लपलो — तोही भेकडपणाच. तपासायचं की नाही, हे तिनं ठरवायचं होतं. ते मी परस्पर ठरवून टाकलं.

बाराव्याला तिची मुलगी माझ्या पाया पडली. म्हणाली, "मामा, तुमी होतास म्हणान आयेक धीर होतो."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला — सावकाश, घरातल्या मोठ्या माणसासारखा.