टाचेवरचा चीक

शाळेत दर सोमवारी मुलांची नखं तपासायचं काम माझ्याकडे आहे. गेली बावीस वर्षं मी ते करते, आणि नखात मळ दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते. मुलं माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. स्वच्छता ही माझी हौस नाही, खोड आहे. या खोडीनंच एकदा माझा घात करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

माझं माहेर तापीकाठचं, बुऱ्हाणपुरापासून स्कूटीवर अर्ध्या तासाचं. घरची केळीची बाग. केळीचा चीक अंगाला लागला की काळा पडतो. कपड्यावरचा तर कधीच जात नाही. माझी माय सत्तरीतही अनवाणी बागेत जायची, बुंध्याशी फुटलेली पिलं काढायची, वाळलेली पानं कापायची. तिचे हातपाय कायम डागाळलेले असत. मला लहानपणापासून त्याची लाज वाटायची. लिहायला बरं वाटत नाही, पण वाटायची.

माझ्या मुलीच्या लग्नाआधी माय बुऱ्हाणपुरात लालबागला माझ्याकडे राहायला आली होती. एका दुपारी अंगणात पाय पसरून गहू निवडत होती, तेव्हा तिच्या उजव्या टाचेच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा काळा डाग दिसला.

"माय, नवरदेवाकडचे लोक पाया पडतील, अन् तुझ्या टाचेला हा चीक!" मी म्हणाले. लगेच बाजारातून पाय घासायची दगडी वजरी आणून तिच्या हातात दिली.

"बरं बाई, घासते," ती हसून म्हणाली. लग्न पार पडलं आणि मी ते विसरून गेले.

त्याला दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या सात-आठ मुलांना गजकर्ण झालं, म्हणून आमच्या शनवारा भागातल्या शाळेत त्वचेच्या एक डॉक्टर आल्या. तरुण, घाईघाईत बोलणाऱ्या. मुलांच्या आया दुकानातून कसल्या कसल्या ट्यूबा आणून लावत होत्या. "त्या आधी बंद करा, मॅडम. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं," त्या म्हणाल्या. मग हात धुता धुता सहज बोलल्या, "कातडीचा कॅन्सर आपल्या लोकांत कमी दिसतो. पण एक प्रकार आपल्याकडे होतो तो तळपायाला, तळहाताला, नखाखाली. तिथं कोण बघतंय? काळा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग असतील, तर थांबायचं नाही."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मला ती टाच आठवली.

दुसऱ्या बाईंवर वर्ग सोपवून मी माहेरी निघाले. वाटेत मनाला बजावत होते, तो चीकच होता, केव्हाच गेला असेल. पण नदीच्या पुलावर दोनदा स्कूटी थांबवावी लागली.

माय बागेत होती. "काय झालं वं? आज शाळा नाई का?"

"पाय दाखव."

"लोकं पाया पडाले येतात, तू पाय पाहाले आली का?"

मी तिला बांधावर बसवलं आणि पाइपाच्या पाण्यानं तिची टाच धुतली. चिखल गेला, डाग राहिला. आता तो चिंचोक्याएवढा होता. एका बाजूला काळा, एका बाजूला तपकिरी, मधे निळसर, आणि कडेनं चहा सांडल्यासारखा पसरलेला.

दुसऱ्या दिवशी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"किती दिवसांपासून आहे, आजी?"

"महिना झाला असंन," माय म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. तिला सगळं आठवत होतं. ती मला वाचवत होती. क्षणभर मला गप्प बसावंसं वाटलं, हेही खरं. मग मी म्हणाले, "दोन वर्षं, डॉक्टर. मी पाहिला होता. मला चीक वाटला."

"चिकाचा डाग कातडीबरोबर झडून जातो," डॉक्टर म्हणाल्या. "हा झडला नाही." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

टाचेचा छोटा तुकडा काढून इंदूरला तपासायला पाठवायचं ठरलं. भाऊ म्हणाला, सुरी लावली की कॅन्सर पसरतो, असं सगळे सांगतात. डॉक्टरांनी त्याला समजावलं, पण नंतरचे नऊ दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मला अन्न जाईना. सोमवारी मुलांचे हात समोर आले की मी नखांखाली मळाऐवजी काळी रेघ शोधायची. माय मात्र रोज फोनवर बागेचंच बोलायची.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. पण डॉक्टरांनी दोनदा सांगितलं की तो अजून कातडीच्या वरच्या थरातच आहे, नशीब समजा. इंदूरला ऑपरेशन झालं. डागाभोवतीची चांगली कातडीसुद्धा काढली आणि मांडीची कातडी टाचेवर बसवली. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, मधल्या काळात पाय पाहायचे, जांघेत गाठ लागते का ते पाहायचं. प्रत्येक वेळी आदल्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागतो.

ऑपरेशननंतर मी सुटी घेऊन माहेरी राहिले. पट्टी भिजू नये म्हणून तिला अंघोळ मीच घालायची. पहिल्याच दिवशी न्हाणीच्या कोनाड्यात मला ती वजरी दिसली. आणली तेव्हा हाताला बोचेल इतकी खरबरीत होती. आता तिचे कंगोरे पार झिजून गेले होते, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती.

"माय, तू रोज घासत होतीस?"

"तू सांगितलं व्हतं ना."

"दोन वर्षं?"

"निघतच नव्हता तो," ती म्हणाली. "कधी कधी रक्त यायचं. तुले काहाले सांगू?"

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडले. तिनं मला रडू दिलं. मग डावा पाय हळूच माझ्या मांडीवर ठेवला. इतक्या दिवसांत तिचा आवाज कधी कापला नव्हता, तो आता कापला.

"हा पाय पण पाहून दे, बाई. याच्यावर तर काई नाई ना?"

मी तिचा पाय उजेडाकडे वळवला. टाच पाहिली, तळवा पाहिला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, एकेक नख पाहिलं. अंगठ्याशी चिकाचा एक जुना डाग होता. मी तो ओल्या बोटानं चोळला. जरासा फिका झाला, पुरता गेला नाही.

"काही नाही, माय," मी म्हणाले, आणि पुन्हा टाचेपासून पाहायला सुरुवात केली.